कधीच न रडलेली जुळी

रंगाची शेड पारखावी तर दिवटे मास्तरांनीच, असं इचलकरंजीत चाळीस वर्षं बोललं जात होतं आणि मास्तरांना ते ऐकायला वाईट वाटत नव्हतं. कापड आणि सूत रंगवणाऱ्या कारखान्याला तिथं प्रोसेस म्हणतात. २०४६ साल उजाडलं तशी प्रोसेसमधली सगळी कामं यंत्रांकडे गेली होती. यंत्रंच रंग मोजायची, रेसिपी काढायची, टाकीत रंग सोडायची. पण एखादा व्यापारी ‘हा आमचा मोरपंखी नव्हे’ म्हणून अडून बसला की शेवटी मास्तरांनाच हाक जायची. मास्तर सुताची लडी घेऊन उत्तरेच्या खिडकीशी उभे राहायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, “पिवळा पाव टक्का जास्त पडलाय.” यंत्राकडून पुन्हा मोजून घेतलं की पाव टक्काच निघायचा.

अशा माणसाला आपल्या नातीच्या ओठांचा रंग ओळखता आला नसेल, असं कुणीच म्हणणार नाही. त्यांनी तो पहिल्या दिवशीच ओळखला होता. ओळखल्यावर त्यांनी जे केलं, त्याची ही गोष्ट आहे.

मंगळवारची सकाळ होती. सून केतकी शाळेत शिकवायला गेली होती. मुलगा नीरज माग बसवायच्या कामावर इथिओपियात होता. मास्तरांची पाळी दुपारची, म्हणून सकाळभर दोन वर्षांची मृणू त्यांच्या ताब्यात असायची. ती शेजारच्या कोंबडीमागं धावत होती. दहा पावलं धावायची आणि मटकन उकिडवी बसायची, पुन्हा दहा पावलं आणि पुन्हा बसायची. गल्लीतल्या बायका कौतुकानं म्हणायच्या, “मुंग्या बघाय बसतीय.”

कोंबडी उडून भिंतीवर गेली आणि मृणूनं भोकाड पसरलं.

तिच्या झबल्याखाली छातीला रुपयाएवढी चकती चिकटवलेली होती. चकतीतला दिवा हिरव्याचा पिवळा झाला. मास्तर पुढं झाले आणि त्यांनी अंगठ्याच्या नखानं चकतीची कड उचलून ती काढून घेतली. दिवा विझला. मृणूचे ओठ आधी फिके पडले, मग राखाडी झाले, मग पिकत आलेल्या जांभळासारखे. मास्तरांनी तिला उचललं, तिचे गुडघे दुमडून छातीशी दाबून धरले आणि तिच्या कानाशी पुटपुटत राहिले, “गेली बग कोंबडी, आज्जा हाय की, आज्जा हाय.” हळूहळू रडं थांबलं, रंग परतला, पोर त्यांच्या खांद्यावर पेंगली. मग त्यांनी चकती पुसून पुन्हा जागच्या जागी चिकटवली. दिवा हिरवा लागला. सगळं मिळून अकरा मिनिटं गेली होती.

मास्तर दुष्ट नव्हते. नातीवर त्यांचा जीव होता, आणि जीव असलेली माणसंच असले उद्योग करतात.

मृणूच्या हृदयात जन्मतः दोष होता. आपलं उजवं हृदय शरीराकडून आलेलं काळपट रक्त फुप्फुसांत ढकलतं, तिथं त्यात प्राणवायू मिसळून ते लालभडक होतं आणि मग डावं हृदय ते अंगभर पाठवतं. मृणूच्या दोन बाजूंमधल्या भिंतीला भोक होतं आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद होती. ती शांत असताना निभून जायचं. पण धावली किंवा रडली की ती वाट आणखी आवळायची, आणि काळपट रक्त फुप्फुसांत न जाता भोकातून थेट अंगात जायचं. असं रक्त त्वचेखालून निळं दिसतं. उकिडवं बसलं की पायांकडचं रक्त अडतं, अंगातला दाब वाढतो आणि रक्त पुन्हा फुप्फुसांच्या वाटेला लागतं. मृणूला हे कुणी शिकवलं नव्हतं. मुंग्यांशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

पूर्वी अशा बाळाचं ऑपरेशन वर्षाच्या आत करून टाकत, आणि मूल वाढलं की फुप्फुसांच्या वाटेवर बसवलेली झडप लहान पडे, म्हणून छाती पुन्हा उघडावी लागे. आता बाळाच्याच पेशींपासून झडप वाढवता येत होती. ती बाळाबरोबर मोठी होणारी, म्हणून एकदाच बसवायची. मात्र बाळ जितकं मोठं तितकी ती चांगली रुजते. म्हणजे थांबता येईल तितकं थांबायचं, पण त्याहून एक दिवसही जास्त नाही. तो दिवस सांगायची जबाबदारी जुळीची.

कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या संगणकात मृणूच्या हृदयाची हुबेहूब प्रतिकृती धडधडत होती. चकती रात्रंदिवस ठोके, दाब, प्राणवायू कळवत राही आणि तिकडचं हृदय तसंच वागायला शिके. केतकी त्याला मृणूची जुळी म्हणायची. पोरीला होता होईतो रडू द्यायचं नाही आणि चकतीचा दिवा लाल झाला की तातडीनं फोन करायचा, एवढंच घरच्यांना सांगितलेलं होतं, आणि सारी गल्ली ते पाळायची.

आता प्रोसेसमध्ये लाल म्हणजे काय, ते सांगायला हवं. लॉट बिघडला की त्यावर लाल चिठ्ठी लागते. ते सूत परत येतं आणि मास्तराची मान खाली जाते. दिवटे मास्तरांना चाळीस वर्षांत तीनच लाल चिठ्ठ्या लागल्या होत्या आणि तिन्हींच्या तारखा त्यांना पाठ होत्या. त्यात दवाखान्याकडून दर महिन्याला अहवाल यायचा, ‘महिना हिरवा’, आणि केतकी तो गल्लीभर दाखवायची. सुनेच्या तोंडावरचं ते हसू आणि आपल्या ताब्यात असलेली पोर. तिला लाल चिठ्ठी लागू द्यायची, हे मास्तरांच्या हातांना जमेना. पहिल्या वेळी चकती काढली तेव्हा त्यांना स्वतःलाही नीट कळलं नव्हतं. दुसऱ्या वेळी कळलं होतं.

पण चाळीस वर्षांची आणखी एक खोड होती. एखादी शेड डोळ्यांत शिरली की ती सुतावर उतरल्याशिवाय मास्तरांना चैन पडायचं नाही. त्या दुपारी प्रोसेसच्या लॅबमध्ये त्यांनी वाटीभर रंग कालवला. लाल, निळा, काळ्याचा थेंब. लडी बुडवली, पिळली, वाळवली आणि खिडकीशी धरून म्हणाले, “हीच.” चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि रेसिपी लिहून त्यांनी ती कपाटातल्या डब्यात टाकली. डब्यात आधीच्या पाच होत्या, प्रत्येक वेळेची एक.

का कोण जाणे, त्या दिवशी त्यांनी सहाही लड्या काढून खिडकीच्या कट्ट्यावर तारखेनं ओळीत मांडल्या.

उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही. पहिली लडी फिकट, राखाडीकडं झुकलेली. दुसरी किंचित गडद. तिसरी, चौथी, पाचवी. आणि आजची सहावी, ओली वांगी असतात तशी. सहा लड्या चढत्या पायरीनं लागल्या होत्या. एखाद्या नवशिक्या पोरालाही कळलं असतं. मास्तर तिथंच स्टुलावर बसले.

ते संध्याकाळी घरी आले तेव्हा केतकी दारातच पेढे घेऊन उभी होती.

“मामा, तोंड उघडा. दवाखान्याचा फोन होता. जुळी म्हणतीय आठ महिने आरामात थांबता येईल. गुरुवारी झडपेचा साचा पक्का करणारेत. दोन वर्षं सगळे महिने हिरवे, असं पोरगं त्यांनी बघितलंच नाही म्हणे.”

पेढा मास्तरांच्या तोंडाशी होता. तो खाल्ला असता तर गोष्ट इथंच संपली असती, आणि फार वाईट संपली असती.

“केतकी,” ते म्हणाले, “जुळी कधी रडलीच न्हाई.”

“म्हणजे?”

त्यांनी सांगितलं. अंगठ्याच्या नखापासून डब्यातल्या लड्यांपर्यंत सगळं, उभ्यानंच. पेढ्यांचा बॉक्स केतकीनं कोनाड्यात ठेवला, मृणूला कडेवर घेतलं आणि आत जाऊन दार लावलं. थोड्या वेळानं दार उघडलं.

“मी तुमच्या भरवशावर पोर टाकून जात होते, मामा.” तिचा आवाज वर्गात असतो तसा स्वच्छ होता आणि त्याचंच मास्तरांना जास्त लागलं. “माझा बाप असता तर त्याच्याकडं टाकली नसती, तुमच्याकडं टाकली. का, तर तुमची नजर चुकत नाही.”

“नजर न्हाई चुकली,” मास्तर म्हणाले. “मी चुकलो.”

“लड्या घ्या बरोबर. मी गाडी बोलावते.”

कोल्हापूरला डॉक्टर तरन्नुम मोमीन थांबून राहिल्या होत्या. त्यांनी आधी मृणूला तपासलं, भरती करून घेतलं, मग ऐकायला बसल्या. ऐकताना त्यांची लेखणी टेबलावर टकटक वाजत होती.

“मोबाइलवर काढलेलं काही आहे का? रडतानाचं?”

केतकीनं शेजारणीकडून मागवलेलं जावळाच्या दिवशीचं चित्रण दाखवलं. केतकीच्या भावाच्या मांडीवर मृणू आकांत करत होती, आणि तिचे ओठ डाळिंबाच्या दाण्यासारखे छान दिसत होते. न्हाऊ घालायच्या निमित्तानं त्या दिवशी चकती मास्तरांनीच काढली होती आणि डब्यातली दुसरी लडी त्याच दिवशीची होती.

“हे फोन,” डॉक्टर वैतागून म्हणाल्या, “सगळ्यांचेच ओठ गुलाबी करून दाखवतात. लोकांना तसंच हवं असतं. मला यातलं काही उपयोगाचं नाही.”

मग मास्तरांनी डबा उघडला. डॉक्टरांनी एक लडी उचलली, चिठ्ठी वाचली आणि त्यांची लेखणी थांबली.

“मास्तर, ही शेड तुम्ही आठवणीनं केलीत?”

“चार-पाच तासांच्या आत. तेवढा वेळ डोळ्यात ऱ्हाती.”

“माझे वडील मागावर होते,” डॉक्टर म्हणाल्या. “शेड जुळवणारा मास्तर काय असतो ते मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाकडं हे घेऊन गेला असतात तर त्यांनी तुम्हाला घरी धाडलं असतं.”

त्या झटकन उठल्या. ओठांच्या खऱ्या रंगावरून रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण काढायचं गणित पाच-सहा वर्षांपूर्वी बसलं होतं. अडचण एवढीच की खरा रंग कुणाकडेच नसायचा. दिवे रंग बदलतात, फोन बदलतात, घाबरलेल्या आईची आठवण तर फारच बदलते. तपासणीच्या खोलीतल्या रंग मोजायच्या यंत्राखाली त्यांनी पहिली लडी ठेवली. आकडा आला. मग त्यांनी पडद्यावर चकतीची जुनी नोंद उघडली.

“तारीख सांगा.”

“तीन फेब्रुवारी. सकाळी धा वाजून वीस.”

पडद्यावरच्या हिरव्या रेघेत त्या जागी बारीकशी फट होती. यंत्रानं तिथं ‘अंघोळ’ असं स्वतःच लिहून ठेवलं होतं.

“दुसरी?”

त्या वेळेलाही फट होती. मग तिसरी, चौथी. प्रत्येक तारीख वाचताना मास्तरांचा आवाज बारीक होत गेला आणि डॉक्टरांचा हात वेगानं चालत गेला. सहा लड्या, सहा फटी, मिनिटाचाही फरक नाही. केतकी नकळत खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आली होती.

“ही तुमची जुळी,” डॉक्टर म्हणाल्या. पडद्यावर एक छोटं हृदय शांतपणे धडधडत होतं. “दोन वर्षं हिला वाटतंय की आपण मजेत आहोत. आता या सहा जागा भरते आणि हिला पहिल्यांदा रडवते.”

त्यांनी कळ दाबली. हृदयाचे ठोके वाढले. फुप्फुसांकडची ती अरुंद वाट आवळत आवळत दोऱ्याएवढी झाली आणि काळपट रक्त भोकातून पलीकडं उसळलं. कडेचा प्राणवायूचा आकडा भराभर उतरायला लागला. ब्याऐंशी, सत्तर, त्रेसष्ट, चोपन्न. खाली कोपऱ्यात एक ओळ होती, ‘ऑपरेशनपर्यंत सुरक्षित काळ: आठ महिने’. ती पुसली गेली. क्षणभर तिथं काहीच नव्हतं. मग आलं, ‘अकरा दिवस’.



“आणि साचा?” केतकीनं विचारलं.

“परवा पक्का झाला असता. आठ महिन्यांनंतरच्या मापाचा, म्हणजे आज मोठा.” डॉक्टरांचे डोळे चमकत होते, कामाचा माणूस काम सापडल्यावर दिसतो तशा त्या दिसत होत्या. “पण परवा अजून यायचाय. झडप वाढायला ठेवलेली आहेच, शेवटचा आकार नऊ दिवसांत देता येईल. फक्त एक आहे. सुताच्या लड्यांवर आणि गणितावर मी पोरीची छाती उघडणार नाही. मला एकदा खरं दिसायला हवं.”

त्यासाठी कुणाला काही करावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स रक्त काढायला आली आणि मृणूनं सुईकडं एकदा पाहून टाहो फोडला. प्राणवायूची नळी, औषध, डॉक्टर, सगळे हाताशी होते. चकती छातीवर होती. दिवा पिवळा झाला.

मास्तरांचा उजवा हात आपोआप पुढं गेला. केतकीनं तो पाहिला. मास्तरांनीही पाहिला, जणू दुसऱ्याचाच हात. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट आवळून धरलं. दिवा लाल झाला. आपल्या नातीच्या छातीवर लाल दिवा ते पहिल्यांदाच बघत होते. डॉक्टरांनी मृणूचे गुडघे छातीशी दुमडले, नाकाशी प्राणवायू धरला आणि मान न वळवता हाक मारली, “मास्तर, शेड!”

मास्तर वाकले. त्यांनी सहावी लडी तिच्या ओठांशेजारी धरली.

“हिच्याफुडची हाय,” ते म्हणाले. “काळा आणखी थेंबभर.”

डॉक्टरांनी पडद्याकडं पाहिलं. रात्रभर रडायला शिकलेल्या जुळीनं पहाटेच पुढच्या वेळेचा आकडा सांगून ठेवला होता. तो सहाव्या लडीच्या थेंबभर पुढचा होता.

“जुळल्या,” डॉक्टर म्हणाल्या. औषध सुईतून आत गेलं, मृणूचा रंग परतू लागला, आणि मास्तर भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. त्यांना कुणी थांबवलं नाही.

दहाव्या दिवशी ऑपरेशन झालं. नीरज आदल्या रात्री येऊन पोचला होता. सहा तास तिघं एका बाकावर बसून होते आणि केतकी सासऱ्यांशी एक शब्द बोलली नव्हती. दार उघडून डॉक्टर बाहेर आल्या, तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि नीरजला नव्हे, केतकीला नव्हे, मास्तरांना म्हणाल्या, “झडप अगदी मापात बसली. मागं-पुढं केसभर नाही.” मास्तरांनी हात जोडले. केतकी उठून डॉक्टरांच्या गळ्यात पडली. परत येऊन बसली ती मात्र बाकाच्या दुसऱ्या टोकाला.

तीन महिने गेले. मृणू कोंबडीमागं धावायची आणि बसायची नाही. मुंग्या सुटल्या, असं गल्लीनं जाहीर केलं. केतकीनं शाळेतून रजा घेतली होती. जेवायला वाढायची, औषधांच्या वेळा सांगायची, ‘मामा’ म्हणायची, पण मृणूला त्यांच्याजवळ एकटं सोडून ती कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गेली नाही. मास्तरांनी त्याबद्दल तोंड उघडलं नाही. लाल चिठ्ठी लागली की माल परत घ्यायचा असतो, वाद घालायचा नसतो, हे त्यांना माहीत होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. त्या सकाळी केतकी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून अंगणात आली. मृणूला तिनं मास्तरांच्या पुढ्यात उभं केलं.

“साडेबाराला येते,” ती म्हणाली. “चकती आहे छातीवर.”

“हात न्हाई लावणार,” मास्तर म्हणाले.

“माहीत आहे.” ती जरा घुटमळली. “म्हणून तर ठेवून जातेय.”

ती फाटकाबाहेर पडली आणि आई आपल्याला सोडून चाललीय हे मृणूच्या ध्यानात आलं. तिनं मातीत बसकण मारली आणि असा गळा काढला की शेजारची कोंबडी पत्र्यावर गेली. गल्लीतली दारं धडाधड उघडली. दोन वर्षांची सवय, बायका हातातली कामं टाकून धावत आल्या. कुणी खुळखुळा आणला, कुणी बिस्किट.

“थांबा,” मास्तर म्हणाले. “रडू द्या तिला.”

ते तिच्यासमोर उकिडवे बसले. सकाळचा उजेड होता, तोही उत्तरेकडून. त्यांनी डोळे बारीक केले आणि पाहत राहिले. मृणू मन लावून, श्वास भरभरून, हातपाय आपटत रडत होती. चकतीचा दिवा हिरवा होता, पण मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. ते तिच्या ओठांकडं बघत होते. असला रंग चाळीस वर्षांत एकाही वाटीत त्यांच्याकडून उतरला नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी केतकी थांबली होती. रडं तिथवर ऐकू येत होतं. ती माघारी धावली नाही. तिनं तिथूनच ओरडून विचारलं, “मामा, शेड?”

मास्तर उठून उभे राहिले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, “लाल!”